गाय कोणाच्या दारची? सीमाभागातली जातिवंत पैदास आणि तिचा सन्मान

रायबाग तालुक्यातल्या चिंचलीला माघात मायाक्कादेवीची यात्रा भरते आणि देवळापासून लांबवर जनावरांचा बाजार पसरतो. त्या बाजारात खिलार खोंड पारखणारा शेतकरी कसा पाहतो, हे थोडा वेळ शेजारी उभे राहून न्याहाळावे. तो आधी लांबून नजर टाकतो. मग खोंड चार पावले चालवायला सांगतो आणि मागचा पाय पुढच्या पायाच्या खुणेवर पडतो का ते बघतो. जबडा उघडून दात मोजतो. खुरांची फट, वशिंडाची ठेवण, शेपटीचा गोंडा, अंगावरचे भोवरे, कातडीचा पातळपणा, सगळे त्याच्या हाताखालून जाते. शेवटी दोघांचे हात टॉवेलाखाली जातात, बोटे दाबली जातात, आकडा ठरतो. दोर हातात घेता घेता तो विचारतो, "आई कुणाच्यातली?" विकणारा हेडा सांगतो, "आटपाडीकडचं हाय." खोंडाची वंशावळ एवढ्यावर संपते.

दात, खूर, चाल यांतून त्या शेतकऱ्याला जे कळते ते पिढ्यान्‌पिढ्या हातातून हातात आलेले ज्ञान आहे. त्याबद्दल मला मनापासून आदर आहे. पण हा खोंड ज्या गाईने दिला तिची आधीची वासरे कशी निघाली, ती वेळेवर गाभण राहते का, तिला कोणत्या वळूने भरवले होते, हे त्याला कळायला मार्ग नसतो. ज्या घराने ती गाय दुष्काळात झाडपाला घालून राखली, त्या घराचे नाव तर बाजारापर्यंत पोचतच नाही. बैलाचे कौतुक आपल्याकडे उदंड होते, बैल घडवणाऱ्याचे होत नाही. बेळगाव, चिकोडी, निपाणी, अथणी आणि पलीकडे कागल, जत, आटपाडी या पट्ट्यात पैदास कशी पारखली जाते आणि गौरव कोणाचा होतो, याचा आढावा घेताना हीच उणीव पुन्हा पुन्हा समोर येते.

कस कशाचा मोजायचा?

पैदास चांगली की वाईट हे ठरवायचे तर जनावर कशासाठी पाळले आहे ते आधी स्पष्ट हवे. अमेरिका, ब्राझील, ऑस्ट्रेलिया या देशांत गोवंशाच्या फार मोठ्या भागाची पैदास मांसासाठी होते. तिथे वासराचे जन्मवेळचे वजन, दूध तोडतानाचे वजन, वर्षाचे झाल्यावरचे वजन आणि खाल्लेल्या चाऱ्याच्या मानाने झालेली वाढ ही कसाची मापे आहेत. आपल्याकडे तो हेतू नाही. महाराष्ट्रात २०१५ पासून गाईबरोबर बैल आणि वळू यांच्या कत्तलीलाही बंदी आहे. कर्नाटकात २०२० चा कायदा २०२१ पासून लागू झाला. आणि कायद्याची गोष्ट बाजूला ठेवली तरी इथल्या शेतकऱ्याने खिलार पाळली ती औतासाठी, मोटेसाठी आणि गाडीसाठीच.

म्हणून आपल्या जनावराचा कस वेगळ्या गोष्टींत आहे. पहिली ओढ: जोडी किती भार किती वेळ ओढते. कामाच्या बैलांची सततची ओढ त्यांच्या वजनाच्या साधारण दहाव्या हिश्श्याइतकी धरतात. म्हणजे प्रत्येकी ४५० किलोची जोडी असेल तर सुमारे ९० किलोची ओढ. वजनाला इथेही किंमत आहे, पण ती औताच्या मागे दिसते. दुसरी चाल: वेग आणि दम. तिसरा टिकाव: ऊन, कमी पाणी, कडब्यावरचे दिवस यांत जनावर किती टिकते. चौथे गाईचे वेत: ती वेळेवर फळते का, सुखरूप विते का, वासराचे पोट भरते का. खिलार गाईचे एका वेताचे दूध सरासरी चारशे लिटरच्याही आत असते. ते बहुतेक वासराच्याच पोटात जाते आणि त्यातूनच बैल उभा राहतो.

मी टिळकवाडीत राहतो. रेल्वेची गेटे ओलांडली की अनगोळ, मजगाव, येळ्ळूरचे भातशिवार लागते. या शिवारात चिखलणीला एकामागून एक जोड्या उतरलेल्या पाहिलेली पिढी अजून आहे. आज तिथे पॉवर टिलरचा आवाज असतो. देशाची आकडेवारी हेच सांगते. २०१२ आणि २०१९ च्या पशुगणनांदरम्यान गाईंची संख्या सुमारे १८ टक्क्यांनी वाढली आणि नर गोवंश सुमारे ३० टक्क्यांनी घटला. ज्या जातीचे सारे मोल नरात होते, तिच्यावर या घटीचा घाव सर्वांत खोल बसतो. जनावरे कमी होत जातात तेव्हा उरलेल्यांतली उत्तम कोणती हे ओळखणे अधिक निकडीचे होते, कारण चुकीला जागा उरत नाही.

दोन जाती, दोन गोष्टी

या पट्ट्याच्या स्वतःच्या म्हणाव्यात अशा गोवंशाच्या दोन जाती: खिलार आणि कृष्णाकाठची, जिला कृष्णा व्हॅली म्हणतात ती.

खिलार नावातच कळप आहे. खिल्लार म्हणजे गुरांचा तांडा, आणि तो राखणारा खिल्लारी. धनगर खिल्लाऱ्यांनी माणदेशाच्या कोरड्या माळावर ही जात घडवली. कळपात एकच निवडलेला वळू ठेवायचा, बाकीचे खोंड वेळेत विकायचे किंवा ठेचायचे (खच्ची करायचे), रोडावणारी गाय कळपातून काढायची, हा त्यांचा शिरस्ता होता. औंध संस्थानातल्या आटपाडी महालाचे नाव तर एका पोटजातीलाच चिकटले. तिलाच हणम खिलार असेही म्हणतात. म्हसवडकडची वेगळी, खानदेशातली तापी खिलार वेगळी. पांढरा करडा रंग, मागे वळून वर गेलेली लांब शिंगे, घट्ट अंग आणि तापट स्वभाव. या बैलाला हाकलावे लागत नाही, आवरावे लागते, असे जुने शेतकरी सांगतात.

कृष्णा व्हॅलीची गोष्ट वेगळ्या वळणाची आहे. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात दक्षिण मराठा मुलखातल्या संस्थानिकांनी कृष्णा, घटप्रभा, मलप्रभा यांच्या काठच्या चिकट काळ्या जमिनीसाठी जड बैल हवा म्हणून ही जात मुद्दाम घडवली. गीर, काँक्रेज आणि ओंगोल यांचे रक्त स्थानिक गाईंत आणले गेले. कामाचा हेतू आधी ठरवून त्याप्रमाणे जात तयार करण्याचे हे आपल्या भागातले मोठे उदाहरण. त्या बैलांच्या जोड्यांनी काळ्या रानात खोल नांगरट केली. पुढे ट्रॅक्टर आला, संस्थाने गेली, आणि जात झपाट्याने आटली. आज तिची मोजकीच शुद्ध जनावरे उरली आहेत.

पण त्या रक्ताचा एक धागा समुद्रापार गेला. अमेरिकेतली ब्रह्मन ही मांसासाठी पाळली जाणारी जात गीर, काँक्रेज, नेल्लोर आणि कृष्णा व्हॅली या भारतीय वंशांतून घडली. १८५४ ते १९२६ या काळात तिकडे गेलेल्या जनावरांची जी नोंद सापडते, तीत सुमारे २६६ वळू आणि फक्त २२ गाई आहेत. एवढ्या थोड्या पायावर त्यांनी जात उभी केली, कारण १९२४ मध्ये पैदासकारांचा संघ स्थापन झाला आणि पिढी दर पिढी नोंद राहिली. त्यांचा हेतू आपल्याला नको. पण कृष्णाकाठच्या रक्ताचा मागोवा टेक्साससारख्या मुलखात लागावा आणि कृष्णाकाठच्या गावात लागू नये, याची खंत मला वाटते.

आज गौरव कसा होतो

पहिला गौरव बाजारभावाचा. चिंचली, खरसुंडी, आटपाडी, पंढरपूर, सांगोला या बाजारांत चांगल्या खोंडाला चांगला भाव येतो आणि तोच पैदासकाराचा पुरस्कार, असे मानायची रीत आहे. भाव हे खोटे माप नाही. मात्र खोंड सहा-आठ महिन्यांचा असताना गाईवाल्याच्या दारातून उचलला जातो. त्याचे अंग भरते आणि त्याचे मोल वाढते ते पुढच्या दोन-तीन हातांत. शेवटचा मोठा भाव शेवटच्या हाताला मिळतो.

दुसरा गौरव प्रदर्शनाचा. पुसेगावची सेवागिरी महाराजांची यात्रा, कराडचे कृषी प्रदर्शन, कोल्हापूरचे भीमा कृषी प्रदर्शन इथे जनावरांसाठी खास गर्दी होते. कागवाड तालुक्यातल्या मंगसुळीचा गजेंद्र नावाचा रेडा सुमारे दीड टन वजनाचा म्हणून दोन्ही राज्यांत गाजला. असे जनावर पाहून लहान मुलांच्या डोळ्यांत जे कुतूहल उमटते, त्याचे मोल मोठे आहे. शेतीकडे पाठ फिरवलेल्या घरातला मुलगाही तिथे थबकतो. पण प्रदर्शनातली पारख डोळ्यांची असते. रंग, शिंगे, उंची, अंगावरची चकाकी यांना गुण मिळतात. त्यातली बरीचशी चकाकी खुराकाची असते, आणि खुराक वंशातून उतरत नाही.

तिसरा गौरव शर्यतीचा. सीमाभागात हा सर्वांत जिवंत. ज्येष्ठातल्या कर्नाटकी बेंदराला इचलकरंजीत लाकूड ओढण्याच्या शर्यती होतात. बेळगाव तालुक्याच्या गावोगावी खाली गाडा ओढण्याच्या जंगी शर्यती भरतात; ठरलेल्या वेळात जोडीने गाडा किती फूट नेला ते टेप लावून मोजतात. बिनदाती, दोनदाती, चारदाती, जुळलेला असे वयाचे गट पाडतात. मला या पद्धतीचे फार अप्रूप वाटते, कारण इथे कामाचे खरे माप आहे: समान भार, समान वेळ, समान वय. पैदासशास्त्राला हवी असलेली शिस्त आपल्या गावच्या पंचांनी स्वतःच बसवली आहे.

या शर्यतींनी वाईट दिवसही पाहिले. ७ मे २०१४ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने त्या थांबल्या आणि खिलार खोंडाला घेणारा मिळेना. दोन्ही राज्यांनी २०१७ मध्ये कायद्यात दुरुस्त्या केल्या. महाराष्ट्रात १६ डिसेंबर २०२१ ला शर्यतींना पुन्हा मुभा मिळाली आणि १८ मे २०२३ ला घटनापीठाने त्या दुरुस्त्या वैध ठरवल्या. जनावराला चाबूक, खिळा, करंट लावायचा नाही ही अट आता कायद्याची आहे आणि ती मनापासून पाळली पाहिजे. छळ करून मिळवलेला वेग हा पैदासीचा गुणच नाही. तो पुढच्या पिढीत उतरत नाही, फक्त या पिढीला झिजवतो.

शर्यतीतही उणीव तीच. बक्षिसाची पाटी, ढाल आणि गाडी मिळते ती बैलमालकाला. ध्वनिक्षेपकावर बैलाचे नाव, मालकाचे नाव, गावाचे नाव, गाडीवानाचे नाव घुमते. ज्या गोठ्यात तो जन्मला त्या गोठ्याचे नाव क्वचितच कोणी घेते.

चौथा गौरव दुधाचा. कोल्हापूरचा गोकुळ दूध संघ 'गोकुळ श्री' स्पर्धा घेतो. म्हैस आणि गाय यांचे दिवसाचे दूध मोजून क्रमांक काढतात. इथे निदान आकडा आहे, आणि तो समोर मोजलेला आहे. मात्र एका दिवसाचे दूध आणि अख्ख्या वेताचे दूध यांत अंतर असते, आणि पुढचे वेत किती महिन्यांनी आले हे त्यात दिसत नाही. शिवाय स्पर्धेत चमकणाऱ्या म्हशी बऱ्याचदा हरियाणा-गुजरातकडून आणलेल्या मुऱ्हा, मेहसाणा, जाफराबादी असतात. सांभाळणाऱ्याचे कष्ट खरे, बक्षीसही योग्य. पण ती म्हैस पैदा करणारा दूर कुठल्या तरी गावी अनामिक राहतो. आणि आपल्या मातीतली, तलवारीसारख्या शिंगांची, नियमित विणारी पंढरपुरी म्हैस त्या रांगेत मागे पडते. वेताला सतराशे-अठराशे लिटर दूध देऊन, कमी चाऱ्यावर तगून, गवळ्याच्या हाताखाली कोल्हापूरच्या भर रस्त्यात धार देणारी ही म्हैस कोणत्या मापाने मोजली म्हणजे पहिली येईल, याचा विचार व्हायला हवा.

पाचवा गौरव सरकारी. डिसेंबर २०१४ मध्ये राष्ट्रीय गोकुळ मिशन सुरू झाले. २०२१ पासून राष्ट्रीय गोपालरत्न पुरस्कार दिले जातात. देशी गाई-म्हशी पाळणारा उत्तम दूध उत्पादक, उत्तम कृत्रिम रेतन तंत्रज्ञ आणि उत्तम दूध संस्था असे त्याचे गट, उत्पादक आणि संस्था यांना पाच, तीन आणि दोन लाख रुपयांची बक्षिसे, आणि २६ नोव्हेंबर हा राष्ट्रीय दूध दिवस सोहळ्याचा. यात देशी जातींना मान आहे ही चांगली गोष्ट. पण मोजपट्टी दुधाची आहे. ओढकामाची जात तिच्यावर कशी उभी राहणार? कर्नालची राष्ट्रीय पशु आनुवंशिक संसाधन संस्था जातिसंवर्धनासाठी स्वतंत्र पुरस्कार देते, तो खिलारसारख्या जातीला अधिक जवळचा. केंद्राची कळपनोंदणीची जुनी योजना आहे, तिच्यात गीर, काँक्रेज, हरियाणा, ओंगोल या गाई आणि मुऱ्हा, जाफराबादी, मेहसाणा, सुरती या म्हशी आहेत. खिलार त्या यादीत नाही.

जगाने चुकांतून शिकलेला धडा

डोळ्यांनी दिलेली बक्षिसे जात बिघडवू शकतात, हे अमेरिकेने मोठी किंमत देऊन शिकले. विसाव्या शतकाच्या चौथ्या-पाचव्या दशकांत तिथल्या प्रदर्शनांत हेरेफर्ड आणि अँगस या जातींची ठेंगणी, गुटगुटीत, आखूड पायांची जनावरे पहिली येऊ लागली. पंचांच्या डोळ्याला ती भरत. पैदासकारांनी तसेच वळू वापरले. थोड्याच वर्षांत कळपाकळपांत खुजी, धापा टाकणारी, न जगणारी वासरे जन्मू लागली. सुप्त दोष बक्षिसांबरोबर पसरला होता. तो शोधून काढता आला तो वंशावळीच्या वह्यांमुळे आणि एकेका वळूची वासरे तपासल्यामुळे.

त्याच सुमारास माँटाना राज्यातल्या माइल्स सिटीच्या संशोधन केंद्रात वासरांची वजने घेऊन वळू निवडण्याचे काम सुरू झाले होते. तिथून नोंदीवर आधारलेल्या निवडीची वाट रुंद झाली. २०५ दिवसांच्या वयाला बसवलेले वजन, आईच्या वयाप्रमाणे केलेली दुरुस्ती, अशा रीती ठरल्या, म्हणजे निरनिराळ्या गोठ्यांतली वासरे एका तराजूत घालता यावीत. १९६८ मध्ये अशा नोंदी ठेवणाऱ्या संस्थांचा एक महासंघ झाला. मापे सर्वत्र एकसारखी ठेवणे हे त्याचे काम. तो दरवर्षी गौरव करतो तो मोजून पैदास करणाऱ्या पशुपालकांचा आणि या कामात आयुष्य घातलेल्या माणसांचा. जनावराच्या गळ्यात हार घालून तो थांबत नाही.

याच्याही दोनशे वर्षे आधी इंग्लंडात लीस्टरशायरच्या रॉबर्ट बेकवेल या शेतकऱ्याने एक साधी युक्ती वापरली होती. तो आपले नर विकत नसे, हंगामापुरते भाड्याने देई. दुसऱ्यांच्या कळपात त्यांची पिल्ले कशी निघतात ते पाही, आणि ज्याची चांगली निघाली तो नर परत आणून आपल्या कळपाला लावी. नराची परीक्षा त्याच्या संततीत असते, हे त्याने कृतीने दाखवले.

आकडा काय सांगतो

हे तत्त्व अंकांत मांडले की त्याची ताकद कळते. समजा, एखादा गुण चौथ्या हिश्श्याने वंशातून येतो आणि उरलेला चारा, निगा, सराव, हवामान यांतून. मग एखाद्या वळूची स्वतःची एकच कामगिरी पाहून त्याच्या वंशमूल्याचा अंदाज बांधला, तर त्या अंदाजाची विश्वासार्हता २५ टक्के असते. त्याच्या फक्त पाच वासरांची कामगिरी, वेगवेगळ्या गोठ्यांत मोजलेली, हाती असेल तरी तेवढीच विश्वासार्हता मिळते. पंधरा वासरे मोजली तर ती ५० टक्के होते आणि पंचेचाळीस मोजली तर ७५ टक्के. म्हणजे मैदानातल्या एका मोठ्या विजयाइतकी माहिती पाच साध्या वासरांच्या नोंदीत असते, आणि पंधरा वासरांत तिच्या दुप्पट.

आपल्याकडे या हिशेबाला आणखी एक कारण जोडले जाते. औताला नाव काढणारा बैल ठेचलेला असतो. त्याचा वंश त्याच्यापाशीच संपतो. तो कितीही गुणी असो, त्याचा गुण पुढे न्यायचा तर त्याच्या आईकडे, बापाकडे आणि पाठच्या भावंडांकडेच जावे लागते. आई कुणाची हे माहीत नसेल तर उत्तम बैल ही एका शेतकऱ्याची दहा-बारा वर्षांची सोय ठरते, जातीच्या हाती काही लागत नाही. शेकडो वर्षे आपण हे असे हरवत आलो.

नोंद ठेवणे आपल्या मातीला परके आहे, असे कोणी म्हणू नये. टिळकवाडीतल्या व्हॅक्सिन डेपोच्या झाडीत आज लोक सकाळी फिरायला येतात. तिथे एके काळी वासरांच्या कातडीवर देवीची लस वाढवली जाई. असल्या कामात वासरू निरोगी आहे का हे तपासावे लागते आणि कोणती खेप कोठून आली हे लिहून ठेवावे लागते. त्याशिवाय ती लस माणसाच्या दंडाला टोचता येत नाही. वासराची शिस्तशीर नोंद आमच्या गल्लीपासून हाकेच्या अंतरावर होत असे. ती गोठ्यापर्यंत नेणे एवढेच बाकी आहे.

एक जात, दोन राज्ये

१ नोव्हेंबर १९५६ ला राज्यांची फेररचना झाली आणि बेळगाव तेव्हाच्या म्हैसूर राज्यात गेले. सीमाप्रश्नाची वेदना या भागातल्या मराठी माणसाला सांगायला नको. जनावरांच्या बाबतीत त्या रेषेचा परिणाम फारसा बोलला जात नाही. जतची गाय आणि अथणीची गाय एकाच रक्ताच्या. सोयरीक, बाजार, यात्रा, शर्यत यांत माणसे रेषा ओलांडतात. पण पशुवैद्यकीय खाते, वळूंच्या रेतमात्रांचे वाटप, प्रदर्शने, पुरस्कार सगळे दोन ठिकाणी विभागलेले. निपाणीच्या शेतकऱ्याने कागलच्या वळूकडून गाय भरवली आणि खोंड इचलकरंजीत पहिला आला, तर त्या खोंडाची गोष्ट कोणत्याच दप्तरात पूर्ण सापडत नाही.

आणि तरी अधिकृत कागदावर ही जात एकच आहे. कर्नालच्या संस्थेने खिलारला दिलेल्या नोंदणी क्रमांकात महाराष्ट्राचा ११ आणि कर्नाटकाचा ०८ हे आकडे शेजारी शेजारी आहेत. जे क्रमांकात जमले ते कामातही जमावे.

काय करता येईल

पहिली गोष्ट शर्यतीच्या आणि प्रदर्शनाच्या कमिट्यांच्या हातात आहे आणि तिला पैसा लागत नाही. नाव नोंदवताना बैलमालकाबरोबर पैदासकाराचे नाव, गाव, आणि माहीत असेल तर आईबापाचा तपशील लिहून घ्यावा. निकाल पुकारताना ते नाव पुकारावे. बक्षिसातला छोटा का होईना, एक वाटा त्या घराला द्यावा. असे दोन-तीन हंगाम झाले की हेडाही खोंड घेताना गाईवाल्याचे नाव लिहून ठेवील, कारण त्या नावाला भाव येईल.

दुसरी गोष्ट मापाची. गावात तराजू नसला तरी शिंप्याची टेप असते. पुढच्या पायांमागून छातीचा घेर आणि खांद्याच्या टोकापासून पुठ्ठ्याच्या टोकापर्यंतची लांबी सेंटिमीटरमध्ये घ्यावी. घेराचा वर्ग गुणिले लांबी, भागिले १०८४०, की वजनाचा जवळचा अंदाज किलोत मिळतो. घेर १७० आणि लांबी १४० असेल तर वजन येते सुमारे ३७३ किलो. जन्मानंतर सहाव्या महिन्याला, वर्षाला आणि दोन वर्षांना हे माप घेतले, तर गाईच्या दुधाचा आणि वासराच्या वाढीचा कस आपोआप वहीत उतरतो. जनावराच्या कानात बारा आकडी बिल्ला आता सर्रास असतो. त्या बिल्ल्यावर लसीकरणाची नोंद होते, तशीच आईच्या आणि बापाच्या बिल्ल्याचीही व्हावी. तो धागा जुळला की वंशावळ आपोआप उभी राहते.

तिसरी गोष्ट: पुरस्कार गाईच्या घराण्याला असावा. जिची सलग चार वेते वेळेवर झाली, जिची वासरे जगली, जिचे दोन तरी खोंड औताला किंवा शर्यतीला सिद्ध झाले आणि जिच्या लेकीही तशाच निघाल्या, त्या गाईचा सन्मान. तो तिच्या गळ्यात हार घालून संपू नये. ज्या हातांनी तिला राखले त्या हातांत द्यावा. ते हात बहुतेक वेळा बाईचे असतात. पहाटे शेण काढणारी, पाणी दाखवणारी, गाय माजावर आल्याचे सर्वांत आधी ओळखणारी ती असते. ताम्रपटावर तिचे नाव आधी कोरले जावे.

चौथी गोष्ट दोन्ही राज्यांच्या संस्थांची. अथणीजवळ कोकटनूरला पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे, पलीकडे शिरवळला आहे. मणिभाई देसाई यांनी १९६७ मध्ये उरुळीकांचनला सुरू केलेल्या बाएफ या संस्थेचा या क्षेत्रातला अनुभव मोठा आहे. यांनी मिळून खिलारची एकच कळपवही ठेवावी आणि एकेका वळूची निदान पंधरा वासरे वेगवेगळ्या गावांत मोजून मगच त्याला सिद्ध वळू म्हणावे. एक काळजी मात्र घ्यायची. गाजलेल्या एकाच वळूच्या रेतमात्रा सगळ्या गावांनी मागितल्या, तर दोन पिढ्यांत सगळी गावे एकमेकांची भावंडे होतील. कृष्णा व्हॅलीसारख्या मूठभर उरलेल्या जातीत तर हा धोका आजच दारात आहे. म्हणून सिद्ध वळू एक नको, वेगवेगळ्या घराण्यांचे अनेक हवेत. आणि ती घराणी ओळखायलाही पुन्हा वहीच लागणार.

यातले काहीच आपल्या आवाक्याबाहेरचे नाही. खाली गाड्याचे फूट मोजणारी टेप आपल्याकडे आहे, दात पाहून वय सांगणारे डोळे आहेत, दुष्काळात गाय न विकणारी घरे अजून आहेत. या तिघांना जोडणारी एक वही नाही. ती झाली तर काही वर्षांनी चिंचलीच्या बाजारात दोर हातात घेताना कोणी विचारील, "आई कुणाच्यातली?" आणि विकणारा मोघम दिशा दाखवणार नाही. तो गाव सांगेल, घर सांगेल, गाय राखणाऱ्या बाईचे नाव सांगेल, आणि तिच्या थोरल्या खोंडाने मागच्या बेंदराला किती भार ओढला होता तेही सांगेल.